बिडाचा, पत्र्याचा की ॲक्रिलिकचा?

माझ्या पाठीला सकाळी गरम पाणी लागतं. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. वयानुसार मणके झिजतात, तो हा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मणक्यांच्या आणि कंबरेखालच्या सांध्यांवर उलटते, तिथे सूज येते आणि रात्रभर पडून राहिलं की पाठ ताठून जाते. हालचाल केली की मोकळी होते, पण ती पहिली हालचालच जिवावर येते. शेकाची पिशवी एकाच जागी शेकते, शॉवरचं पाणी पाठीवरून नुसतं वाहून जातं. मानेपासून गुडघ्यांपर्यंत एकदम ऊब मिळते ती टबातल्या पाण्यात बसूनच. आमच्या सांधेविकारतज्ज्ञांनी ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसायला हरकत नाही असं सांगितलं. चढता-उतरताना धरायला भक्कम दांडा हवा, एवढीच अट घातली.

जुन्या नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्यापाशी, गळती सुरू झाली होती, त्यामुळे बाथरूम तशीही फोडायचीच होती. घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम पाच बाय आठ फुटांची. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. टब कशाचा घ्यायचा हे ठरवताना या साध्या गोष्टींनीच सगळं ठरवलं. सॅनिटरीच्या दुकानांत मात्र बोलणं सुरू व्हायचं ते आकारापासून आणि रंगापासून. 'मॅडम, ओव्हल बघा, हल्ली फ्री-स्टँडिंग चालतंय,' असं म्हणत ते कॅटलॉग पुढे करत. तुमच्याकडे गीझर केवढा आहे, पाणी कुठलं आहे, कितव्या मजल्यावर राहता, हे कुणी विचारलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. आपल्याकडे घरात टब बसवणारे थोडे, आणि ज्यांना तो खरोखर औषधासारखा लागतो त्यांना ही माहिती एका जागी मिळत नाही.

आधी वजनाचं बघितलं. आमच्या इमारतीचं काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअर काकांना घरी बोलावलं. त्यांनी मोजणीचा टेप काढला आणि मला हिशेब समजावून सांगितला. राहत्या घरातल्या बाथरूमच्या स्लॅबवर माणसं आणि वस्तू मिळून दर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा, असं आयएस ८७५ या भारतीय मानकात आहे. आमची बाथरूम ३.७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७४० किलो. दीड मीटर लांबीच्या टबात ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत १६० लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यात माणूस बसला की तो आपल्या बुडालेल्या भागाइतकं पाणी बाजूला सारतो, त्यामुळे पाण्याचं १६० आणि माझं ५८ अशी सरळ बेरीज करायची नसते. दोन्ही मिळून पावणेदोनशे धरले की झालं. आता यात टबाचं वजन मिळवा. ॲक्रिलिकचा टब २५ ते ३० किलोंचा, पत्र्याचा इनॅमल केलेला ४० च्या पुढे, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मात्र १३० ते १८० किलोंचा. संगमरवराचं घनमीटरला २,७०० किलो वजन असतं, त्यामुळे एका दगडातून कोरलेला टब सहज ५०० किलोंवर जातो. त्यात पाणी भरलं की सगळ्या खोलीसाठी धरलेला भार तेवढ्यातच संपला.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला कुठल्याच दुकानात कळली नसती. आपल्याकडे टब बसवला की त्याच्या दर्शनी बाजूला विटांची चार इंची भिंत घालून वर टाइल लावायची पद्धत आहे. लांबीची एक आणि रुंदीची एक अशी गुडघाभर उंचीची भिंत घातली तर तिचंच वजन दोन-सव्वादोनशे किलो भरतं, म्हणजे भरलेल्या ॲक्रिलिकच्या टबाइतकं. शिवाय सनकन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, असतोच, तो वेगळा. मग आम्ही विटा रद्द केल्या आणि टबाबरोबर येणारं, काढता-घालता येणारं पॅनल घ्यायचं ठरवलं. पुढे वेस्ट पाइपचा सांधा तपासायलाही त्याचाच उपयोग होतो. भिंत असती तर फोडावी लागली असती.

आमच्या गवंड्याचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, 'ताई, विकतचा टब कशाला? बांधून देतो, वरून कडाप्पा लावू नाहीतर टाइल. जन्माला जाईल.' त्याचा हात चांगला आहे आणि तळमजल्यावर, बंगल्यात, मी कदाचित ऐकलंही असतं. पण बांधीव टबात पाणी धरून ठेवायचं काम वॉटरप्रूफिंग करतं. ते एका कोपऱ्यात जरी गेलं, तरी पाणी खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या छतातून उतरणार. टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटमध्ये क्षार आणि मळ धरणार तो वेगळा. आणि अंग टेकायला तो उभ्या पाठीचा, गार. माझ्या पाठीला उतरती कड हवी होती.

मग पाण्याकडे वळले. टीडीएसचा आकडा सोसायटीत सगळ्यांना पाठ असतो, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे पदार्थ मिळून, आणि कठीणपणा म्हणजे त्यातले फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. प्रयोगशाळेत नमुना दिला तेव्हा कठीणपणा लिटरला ४६० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात २०० पर्यंत चांगलं मानलं आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलं आहे. म्हणजे आमचं पाणी चालण्यासारखं, पण टबाच्या कडेला रोज पांढरी रेघ सोडणारं.

ही रेघ कशाने निघते आणि ते औषध कुठल्या पृष्ठभागाला सोसतं, हे मला स्वतः बघायचं होतं. फरशीवाल्याकडून संगमरवर आणि कोटा यांचे तुकडे आणले. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा मिळाला. किचनच्या ओट्यासाठी सॉलिड सरफेस, म्हणजे रेझिन आणि खनिजांची भुकटी मिळून केलेला कृत्रिम दगड, विकतात, त्यांनी एक मॅट नमुना दिला. इनॅमलसाठी घरातली जुनी ताटली घेतली; टबावरचं इनॅमलही तेच असतं, लोखंडावर ८०० अंशांच्या आसपास भाजून वितळवलेली काच. सगळे तुकडे गच्चीत ठेवून त्यांवर बोअरचं पाणी शिंपडायचं, उन्हात वाळू द्यायचं, पुन्हा शिंपडायचं. आठवडाभरात प्रत्येकावर पांढरी वर्तुळं उठली.

लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून फडक्याने लावलं. ॲक्रिलिकवरची आणि ताटलीवरची वर्तुळं पाच मिनिटांत विरघळली, धुतल्यावर चकाकी तशीच होती. सॉलिड सरफेसला थोडं चोळावं लागलं. संगमरवरावर मात्र वर्तुळ गेलं आणि त्याच जागी मंद, धुरकट डाग राहिला. नख फिरवलं तर पॉलिश गेल्याचं बोटाला कळत होतं. कोट्याचंही तसंच झालं. कारण साधं आहे. नळातून येणारा तो पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. कोटा, कडाप्पा, शहाबाद हे सगळे चुनखडीचे दगड, त्याच जातीचे. आम्ल एकाला खाणार आणि दुसऱ्याला सोडणार, असं होत नाही. कठीण पाण्याच्या गावात या दगडांचा टब म्हणजे क्षार काढता न येणारा टब. आपला काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट आम्लाला पुष्कळ टिकतो, पण तो वजनातच बाद झाला होता.

त्याच तुकड्यांवर तीळतेल आणि उटणंही लावून बघितलं, कारण दिवाळीत अभ्यंगस्नान घरातच होणार. उटण्यातल्या हळदीने संगमरवर पिवळा पडला तो पडलाच. मॅट सॉलिड सरफेसवर फिकट झाक राहिली, ती बारीक घासणीने गेली. ॲक्रिलिक आणि इनॅमल पुसून साफ झाले. ॲक्रिलिकची कमजोर बाजू नेलपॉलिश रिमूव्हरने दाखवली. एक थेंब पडला आणि तेवढी जागा चिकट होऊन मंद पडली. ॲसिटोन ॲक्रिलिकला विरघळवतं. त्यामुळे ती बाटली आता बाथरूममध्ये ठेवायची नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून टाकला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे तुकडे दाखवले, कारण रोज पुसणाऱ्याचं मत सर्वांत महत्त्वाचं. त्यांनी एकच विचारलं, 'ह्याला हिरवी घासणी चालते का?' ॲक्रिलिकला चालत नाही, ओरखडे उठतात. पण ॲक्रिलिकचा रंग पूर्ण जाडीत असतो, म्हणून बारीक ओरखडा १,००० ते २,००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून, वरून पॉलिश करून घालवता येतो. इनॅमलचा टवका उडाला तर खालचं लोखंड उघडं पडतं आणि गंजायला लागतं. घरी त्यावर लावता येतं ते नुसतं रंगाचं ठिगळ, काच पुन्हा भाजता येत नाही. टाइल्सवर ओततात ते ॲसिड दोघांनाही वर्ज्य. फडकं, भांडी घासायचं पातळ लिक्विड आणि आठवड्याला एकदा लिंबूसत्त्व, असं मावशींचं आणि माझं ठरलं.

बिडाचा टब मला मनापासून आवडला होता, हे सांगायला हवं. जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे वाघनखी पायांचा एक होता, कुठल्या तरी जुन्या बंगल्यातून आलेला. बोटाच्या पेराने वाजवला तर आवाजच येत नव्हता, इतकं जाड अंग. गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात, तिथल्या रस्त्यावरच्या दुकानांतही जहाजांवरचे टब विकायला असतात. नव्यातही बिडाचे मिळतात. अमेरिकेतल्या जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांच्या कुंडाला इनॅमल चढवून टब म्हणून विकला, तेव्हापासून त्या नावाच्या कंपनीचा तो धंदाच आहे. पण माझ्या गीझरचा हिशेब आड आला.

मी आत बसल्यावर पातळी यायला ११० लिटर पाणी लागतं. डिसेंबरात पहाटे टाकीचं पाणी २० अंशांवर असतं. ते ४० वर आणायचं आणि गीझर ६५ अंशांवर ठेवला, तर जवळजवळ ५० लिटर गरम पाणी हवं. आमचा जुना २५ लिटरचा गीझर त्यासाठी निम्मा पडत होता, म्हणून ५० लिटरचा बसवला. तो एकदा तापवायला अडीच-पावणेतीन युनिट वीज आणि २ किलोवॉटच्या कॉइलवर सव्वा तास लागतो. आता त्या पाण्यात १५ अंशांवर गारठलेलं दीडशे किलो बीड बुडवा. लोखंडाची उष्णता धरण्याची क्षमता किलोमागे पाण्याच्या नवव्या हिश्शाइतकी, तरीही एवढं वजन पाण्याला सुरुवातीलाच अडीच-तीन अंशांनी खाली आणतं. ४० चे ३७ झाले की माझ्या पाठीला ते पुरत नाही. एकदा तापलं की बीड ऊब छान धरून ठेवतं हे खरं, आणि ज्यांच्या गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर आहे, बाथरूम तळमजल्यावर आहे, त्यांनी जरूर विचार करावा. जुना घेतला तर आतलं इनॅमल तपासून घ्यावं. जुन्या लेपांत शिसं असू शकतं, आणि 'रीग्लेझिंग' म्हणून वरून मारतात तो भाजलेला थर नसतो, काही वर्षांत पोपडे सुटतात.

पत्र्याच्या टबाचा विचार मावसबहिणीमुळे आला. ती जर्मनीत राहते, तिच्याकडे इनॅमल केलेल्या स्टीलचा आहे आणि ती त्यावर खूश आहे. आम्ल चालतं, हळद चालते, ओरखडा उठत नाही. पण तिचं घर हिवाळ्यात तापवलेलं असतं. आमच्या बाथरूममध्ये जानेवारीत पत्र्याच्या उतरत्या पाठीला उघडी पाठ टेकवायची म्हणजे पाण्याबाहेरच्या भागाला गारवा झोंबणार. पाणी पडताना पत्रा वाजतोही. खाली आवाज दाबणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागतात. ॲक्रिलिकमधून उष्णता फार हळू जाते, म्हणून हात लावला तर ते गार लागत नाही. वजन, पाणी आणि पाठ, तिन्ही बाजूंनी गाडी ॲक्रिलिकवरच येत होती.

'ॲक्रिलिक' एवढं विचारून मात्र भागत नाही. बाजारात त्या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली, पूर्ण ॲक्रिलिकची शीट तापवून, व्हॅक्यूमने साच्यात ओढून, मागून रेझिन आणि काचधाग्यांनी मजबूत केलेली. दुसरी, एबीएस प्लास्टिकवर ॲक्रिलिकचा पातळ थर असलेली. तिसरी नुसत्या फायबरची, म्हणजे एफआरपीची. तिच्यावर जेलकोटचा, म्हणजे रंगीत रेझिनच्या थराचा, फवारा मारलेला असतो. नवे असताना तिन्ही सारखेच पांढरेशुभ्र आणि चकचकीत. जेलकोट काही वर्षांनी पिवळा पडतो, त्यात केसासारख्या भेगा जातात. एबीएसवरचा ॲक्रिलिकचा थर पातळ, ओरखडा घासून काढायला जाडीच उरत नाही.

फरक दिसतो तो मागच्या बाजूला. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी टब उलटा करून दाखवायला सांगितला. शोरूममध्ये ते प्लॅटफॉर्मवर पक्के केलेले असतात, तेव्हा गोडाऊनमध्ये गेले. एका गोडाऊनमध्ये दोन टब शेजारी-शेजारी उपडे ठेवले होते. पहिल्याच्या पाठीवर काचधाग्यांचा थर कुठे दाट तर कुठे इतका विरळ, की मधून पांढरी शीट दिसत होती. बुडाला ठोकलेला बोर्ड भुशाचा, एका कोपऱ्यात फुगलेला. दुसऱ्याच्या पाठीवर थर सगळीकडे सारखा, रेझिनमध्ये नीट भिजलेला, बुडाचा प्लाय रेझिनने चारही बाजूंनी बंद केलेला. मग मोबाइलचा टॉर्च आत धरून बाहेरून पाहिलं. शीट साच्यात खोल ओढली जाते तेव्हा पायाकडचे कोपरे सर्वांत जास्त ताणले जातात आणि तिथेच ती पातळ होते. पहिल्या टबाचे ते कोपरे पिवळसर उजळून निघाले, दुसऱ्याचे अंधारेच राहिले. तळ अंगठ्याने दाबला तर पहिला किंचित आत गेला आणि कुरकुरला.

दुकानदाराला माझा हा प्रकार आधी विचित्र वाटला असावा, पण नंतर त्यांनीच टब फिरवायला माणूस दिला आणि शीट किती मिलिमीटरची आहे ते बिलावर लिहूनही दिलं. हे लिहून घेणं महत्त्वाचं आहे. वॉरंटी कशावर आहे, शीटवर की नुसत्या नळांवर, हेही तिथेच विचारून घ्यावं. दोन्ही टबांच्या किमतीत सात-आठ हजारांचा फरक होता; त्यासाठी मी गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ साधा घेतला आणि पाण्याचे झोत सोडणारे जेट्स घेतलेच नाहीत. जेट्सच्या नळ्यांत पाणी साचून राहतं. आमच्या पाण्याने त्या आतून क्षारांनी भरल्या असत्या आणि तिथे माझा हात पोचला नसता.

बसवताना प्लंबरने टबाखाली वाळू भरायचं सुचवलं. वाळू एकदा ओली झाली की ती ओल धरून ठेवते, गळती असली तरी कळत नाही, म्हणून कंपनीच्या पत्रकाप्रमाणे लोखंडी फ्रेम आणि फिरवून उंची जुळवता येणारे पायच घेतले. उंची जुळवता आल्यामुळे कड जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आणली, म्हणजे खुर्चीच्या बैठकीइतकी. मी आधी कडेवर बसते, दांडा धरते, मग एकेक पाय आत घेते. तो स्टीलचा दांडा टाइलच्या मागच्या पक्क्या भिंतीत अँकर बोल्टने घेतला आहे. टबाच्या कडेवर बसणारे दांडे माझ्या वजनाला नकोत असं प्लंबरही म्हणाला. टब ठेवण्याआधी सनकमध्ये पाणी भरून तीन दिवस ठेवलं आणि रोज खालच्या काकूंकडे जाऊन छत बघितलं. ते कोरडं राहिलं तेव्हाच पुढचं काम सुरू केलं.

सिलिकॉनची एक गोष्ट प्लंबरला समजावून सांगावी लागली, पण ऐकल्यावर त्याला ती पटली. टब आणि टाइल यांमधल्या फटीत सिलिकॉन भरायचं ते टब पाण्याने भरून. भरलेला टब वजनाने किंचित खाली बसतो आणि फट रुंदावते. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पहिल्याच स्नानाला ते ताणलं जाऊन एका बाजूने सुटतं, आणि तिथून पाणी मागे उतरतं. आम्ही संध्याकाळी टब भरला, सिलिकॉन मारलं, रात्रभर तसंच ठेवून सकाळी पाणी सोडलं.

त्या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. थंडीत मी आठवड्यातून तीन-चार वेळा बसते. ते पाणी बादल्यांनी काढून फ्लशला आणि बाथरूम धुवायला वापरतो. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की टब बंद, तेव्हा उन्हाळ्यामुळे पाठही जरा बरी असते. तेल लावून आत जात नाही, कारण ॲक्रिलिक तेलाने फार निसरडं होतं. अभ्यंग बाहेर पाटावर बसून आणि तळाला रबरी मॅट कायम. पायाकडचे कोपरे मी अजून अधूनमधून टॉर्च लावून बघते. कडेची पांढरी रेघ मावशी रविवारी लिंबूसत्त्वाने काढतात, आणि नळाच्या बाजूचं सिलिकॉन थोडं काळं पडायला लागलंय, ते या पावसाळ्याआधी खरवडून नवीन भरायचं आहे.